तिसरा डबा

दुसऱ्या डब्याचा तळ खरवडून झाला, तेव्हा रखमानं फळीवरचा तिसरा डबा खाली काढला. लालबागच्या त्या खोलीत दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता.

संपाच्या पहिल्या मे महिन्यातला तो मसाला. गिरणी बंद असो की चालू, वर्षाचा मसाला व्हायचाच. तिचा नवरा कुशाबा तो डब्यात भरायचा, हवा राहू नये म्हणून मुठीनं दाबायचा, वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि दाबाचं झाकण तळहाताच्या टाचेनं बसवायचा. मग दिवसभर हात चुरचुरतो म्हणून कुरकुरायचा. त्यानं लावलेलं झाकण त्याच्याशिवाय कुणाला निघत नसे. गणपतीनंतर भिवंडीला मागावर काम शोधायला निघाला, तेव्हा पहिले दोन डबे त्यानं सैल करून दिले. तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो मी परत इल्यावर."

दिवाळीला एक पत्र आलं. पुढं काही नाही. दीर लवू दोनदा भिवंडी पालथी घालून आला. चाळीतल्या बायका तिच्या कपाळाकडे बघून बोलायचं थांबायच्या. शेजारची गुणवंती तेवढी तोंडावर बोलायची. आज सकाळीच म्हणाली होती, मसाल्याला जाळी धरेल, उघड तो डबा, किती दिवस देवासारखा पुजणार आहेस?

बांगडे चिरून ठेवलेले. रखमानं कालथ्याचं टोक झाकणाखाली घातलं आणि जोर केला. झाकण वाकलं, हललं नाही. मग तिला आठवलं, तो एका जागी कधी जोर करत नसे. डबा मांडीत फिरवत वरवंट्यानं काठाला हलके हलके ठोकायचा, रुसलेल्या पोराची पाठ थोपटावी तसा. तिनं तसंच केलं. तीन फेऱ्यांनी झाकण सुटलं.

ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिनं आत पाहिलं.

मसाल्यावर मूठ उमटलेली होती. चार बोटांचे खळगे, त्यातला करंगळीचा आखूड. त्या करंगळीचं पेर गिरणीत साच्यात सापडून तुटलं होतं. जणू आत्ताच हात उचलून तो मोरीवर गेला होता.

चमचा तिच्या हातातच राहिला. कडेनं घ्यावा म्हटलं, तर कड ढासळली असती.  मग तिनं झाकण ठेवलं, सगळं अंग टाकून टाचेनं दाबलं, डबा फळीवर चढवला आणि वाटी घेऊन शेजारी गेली.

"दोन चमचे मसाला दी गो."

"डब्याचं काय झालं?"

"नाय उघडला. ह्यांनीच लावलाय. इले की उघडतील."

रखमाच्या नखांत लाल भुकटी होती. गुणवंतीनं ती पाहिली आणि वाटी शिगोशीग भरून दिली.