तळाची घडी

"बाबा, फ्रीजमध्ये हा एक खोका राहिलाय," लेक म्हणाली. "दुकानात परत देऊन येऊ?"

"आण इकडे. आधी बघू दे."

बघण्यासारखं आता काय उरलं होतं? ज्या बायकोसाठी ते इंजेक्शन आणलं होतं, तिला जाऊन वीस दिवस झाले होते. पण औषधाच्या कारखान्यात एकतीस वर्षं खोके तपासलेला माणूस तो. हातात खोका आला की अंगठा आपोआप कडेवरून फिरायचा. कारखान्यात त्यांना सगळे 'भिंग' म्हणत. छपाई केसभर सरकली, तोंडावर चिकटवलेल्या शिक्क्याची चकाकी जरा उणी वाटली, की भिंग खोका बाजूला काढत आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्यावर कातर चालवत. नियमच होता तसा. बाद खोका अखंड बाहेर गेला आणि चोराच्या हाती लागला, तर तो त्यात नुसतं पाणी घालूनही विकेल. भिंगांनी नियम पाळला, पण दर वेळी कातर चालवताना त्यांच्या जिवावर यायचं.

घरी कोण विचारतंय नियम? बायकोला दर आठवड्याला इंजेक्शन सुरू झालं, तेही त्यांच्याच कारखान्याचं. लेक नर्स, ती येऊन टोचायची. खोका उघडायचा मान मात्र भिंगांचा. उघडताना फाटावा म्हणूनच केलेला तो शिक्का, पण भिंग गरम चमचा फिरवून तो असा अलगद सोडवत, की बघत राहावं. मग रिकामी बाटली धुऊन परत खोक्यात, शिक्का जागच्या जागी, आणि महिन्याकाठी सगळं भंगारवालीच्या पोत्यात.

"काका, तुमची खोकी म्हणजे अगदी नवीकोरी!" भंगारवाली म्हणायची, आणि भिंगांची कळी खुलायची.

"अहो, फाडून टाका की ती," बायको चिडवायची. "कचऱ्याचे कसले मेले लाड!"

"हात उचलत नाही गं. सगळं आयुष्य गेलं ह्यात."

ती जाण्याआधीच्या दोन महिन्यांत औषधाचा गुण येईनासा झाला. लेक म्हणाली, "बाबा, मला औषधाचीच शंका येते. दुकान बदलून बघू या का?" भिंग भडकले. "एकेक खोका मी स्वतः तपासलाय. एकतीस वर्षं काय झक मारली मी?" बायको उशीवरूनच म्हणाली, "ह्यांनी बघितलंय ना, मग झालं." तिथेच विषय मिटला.

आताही त्यांनी खोका उजेडात धरला. छपाई ठीक, शिक्का ठीक. सवयीने नख लावलं, तर शिक्का चमच्याशिवायच हातात आला. खाली डिंकाचे दोन थर होते, एक जुना, एक नवा. त्यांनी खोका उलटा करून तळाची घडी उघडली. आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'आज बरं वाटलं. गच्चीपर्यंत जाऊन आले.'

"हे तर आईचं अक्षर!" लेक म्हणाली. "पण खोका तर नवा..."

"नवा नाही. आपलाच आहे. मीच दिला भंगारात."

कोऱ्या खोक्यावर रेघ ओढलेली नवऱ्याला खपणार नाही, म्हणून ती बिचारी तळाशी लिहीत होती, आणि भिंगांना इतक्या दिवसांत त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी वरचं तेवढं तपासलं. आत खरं औषध आहे हे ज्याच्या भरवशावर मानायचं, तो खोका त्यांनीच चोराच्या हाती दिला होता. गुण न आलेल्या औषधाचे बाकीचे खोके असेच आणखी कुणा नीटनेटक्या माणसाच्या घरून आले असतील.

पलंगाखाली शेवटच्या दोन महिन्यांचे आठ खोके होते. आजारपणात भंगारवालीला हाक मारायचं राहूनच गेलं होतं. भिंग जमिनीवर बसले आणि एकेकाचा तळ उघडू लागले. 'आज काही फरक नाही.' 'पाय फार दुखले.' पाचव्यात लिहिलं होतं, 'पोरगी म्हणते औषध बदला. ह्यांना वाईट वाटेल.' आठव्यातली अक्षरं ओळीवरून घसरली होती. 'ह्यांनी तपासून दिलंय. उद्या बरं वाटेल.'

"कातर आण," भिंग म्हणाले.

"बाबा, आता नका कापू." लेकीने त्यांचा हात धरला. "उद्या औषध निरीक्षकांकडे न्यावे लागतील. जसेच्या तसे."

"परत देतील का गं ते?"

"नाही देणार बहुतेक."

भिंगांनी मान हलवली. आठही खोक्यांच्या तळाच्या घड्या त्यांनी पुन्हा मिटल्या. फ्रीजमधला नववा मिटण्याआधी 'आज बरं वाटलं' पुन्हा एकदा वाचलं. मग तो मिटला आणि सुटलेला शिक्का जागेवर ठेवून, नीट बसेपर्यंत अंगठ्याने दाबत राहिले.