मागच्या बाजूची चार गाणी

साठच्या दशकातल्या त्या चौघांच्या बँडची दोनच गाणी जगाला पाठ होती. नातीला ती मीच शिकवली, ती सहा वर्षांची असताना. तेव्हापासून तो बँड आम्हा दोघांचा, असं मी धरून चाललो होतो.

आता ती अकरा वर्षांची. परवा शाळेतून आली ती भलतंच काहीतरी गुणगुणत.

"हे कुणाचं?"

"आपल्याच बँडचं. शिंपीकाकांनी ऐकवलं. तुमच्याकडे आहे तीच रेकॉर्ड, आजोबा. मागे चार गाणी आहेत."

कोपऱ्यावरचा शिंपी. तिच्या गणवेशाची शिवण उसवून वाढवून देणारा माणूस.

"मागची बाजू टाकाऊ आहे. उंदीर गातायत असं वाटतं."

ती नुसती हसली. पुढे आठवडाभर शाळा सुटली की स्वारी आधी शिंप्याकडे. घरी आल्यावर 'काका म्हणतात' सुरू. काका म्हणतात, तिसरं गाणं सगळ्यात भारी.

"काकांना शिवायला वेळ मिळतो का मधूनमधून?"

"आजोबा, तुम्ही जळताय."

"मी? शिंप्यावर?"

शेवटी पँट आखूड करायचं निमित्त काढून मी दुकानात गेलो. नात कापडं बेतायच्या टेबलावर बसलेली. मशीनशेजारी रेकॉर्ड फिरत होती, आणि आवाज चक्क माणसांचे होते. संथ, भरदार.

"सर, ही बाजू तेहतीसवर लावायची," शिंपी म्हणाला. "पुढची पंचेचाळीसवर. एका तबकडीला दोन वेग. कुणीही फसेल."

त्याने मला सांभाळून घेतलं, तेच जास्त झोंबलं. लेबलवर बारीक अक्षरांत वेग छापलेला होता; मी मात्र मागची बाजूही पंचेचाळीसवरच पळवली होती. आणि मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत आलो, आधी प्रश्न नीट वाचा.

"मलाही ऐकव," मी नातीला म्हणालो.

"बसा. पण मध्ये बोलायचं नाही. काका, तिसरं लावा."

मी स्टुलावर बसलो. गाणं सुरेख होतं, हीच तर पंचाईत. शिंपी पायाने ठेका धरत होता आणि दर चौथ्या ठोक्याला घाई करत होता. नातीच्या ते लक्षात आलंय का, म्हणून मी हळूच पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, ओठांवर बोट ठेवून, हसू दाबत.