फुलाआधीची कळलावी

"मला तर ही कळलावीच दिसती, बाबा. तू जरा तक्त्यात बघून सांग," म्हणत चतुराबाईनं हिरव्या वेलाची पेंडी डेअरीच्या ओट्यावर टाकली.

दुपारची वेळ. दूध सोसायटीत आम्ही दोघंच. मी सेक्रेटरी, बारावी पास, केजला पशुपालनाचं तीन दिवसांचं शिबिर केलेला. भिंतीवर विषारी वनस्पतींचा तक्ता मीच लावलेला. माझा तोरा काय विचारता! शहाऐंशी साल होतं. पावसानं दोन सरी देऊन पाठ फिरवली होती, गवत करपलं होतं. डोंगरातल्या झाडीत हा वेल तेवढा हिरवागार होता, तो तिनं गाईसाठी कापून आणला होता.

"कळलावीला तांबडं-पिवळं फूल असतं. हे बघ चित्र. ह्याला कुठंय फूल?"

"फुलाला अजून टाइम हाय. पानाचा शेंडा बघ की, कसा कुरळा हाय. खाली कंद जिता ऱ्हातो, म्हणून दुष्काळात बी दर साली फुटतो."

"म्हातारे, अंगठा उठवतीस अन् मला शिकवतीस व्हय? घाल खुशाल गाईला."

चतुराबाई आमच्या गावची सुईण. बाळंतीण अडली की कळलावीचा कंद कमरेला बांधायचा आणि मूल सुटलं की लगेच सोडायचा, ही तिची रीत. माझ्या आईच्या कमरेलाही तिनंच बांधला होता. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी बोललो. जळो ती जीभ.

"तू शिकलेला हायेस. तू म्हणतोस तर नसंल," ती म्हणाली आणि पेंडी उचलून गेली. घरी तिची एकुलती गाय, कपिली, दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती.

दुसऱ्या दिवशी कपिलीनं अंग टाकलं. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ती संपली होती. त्यानं गव्हाणीतला उरलेला वेल ओढून बघितला आणि ओरडलाच, "अरे, ही तर कळलावी! कुणी घाला म्हणलं?"

अर्धं गाव गोठ्यात जमलं होतं. मी दाराशीच उभा होतो. चतुराबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"माझं मलाच वळखू आलं न्हाई, सायब. नजर अधू झाली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. "मी सांगितलं," एवढे दोनच शब्द. पण उद्या मला सेक्रेटरी कोण म्हणेल, या भीतीनं माझी दातखीळ बसली. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी ठरली.

पुढच्याच महिन्यात गावातल्या बद्रीनाथची सून बाळंतपणात अडली. तिला बैलगाडीत घालून केजच्या दवाखान्यात नेलं, पण चार घरं सोडून राहणाऱ्या चतुराबाईला कुणी हाक मारली नाही. "जिला कळलावी वळखू येईना, तिच्या हातात बाई कशी द्यायची?" बद्रीनाथ मलाच विचारत होता. मी मान डोलावली.

भादव्यात डोंगराच्या वाटेवर मला ते फूल दिसलं. तांबडं-पिवळं, हुबेहूब तक्त्यातलं. खाली पानांचे शेंडे कुरळे. मी ते तोडलं आणि ठरवलं, आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं.

डेअरीत दूध घालणाऱ्यांची रांग लागली होती. चतुराबाई सगळ्यांत मागं होती. पूर्वी ती दूध घालायला यायची, आता पावशेर विकत न्यायला.

"कसलं फूल हो, सेक्रेटरी?" बद्रीनाथनं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "चतुराबाईला इचारू नगा, ती मेथी म्हणंल!"

रांग खो-खो हसली. आणि मीही हसलो.

चतुराबाई पुढं आली. माझ्या हातातलं फूल तिनं पदरानं धरून घेतलं, डेअरीतल्या चहाच्या चुलीपाशी गेली आणि जाळात टाकलं. मग रांगेत आपल्या जागेवर जाता जाता हळूच म्हणाली, "हात धू बाबा आधी. इखारी असती ती. त्याच हातानं दुधाला हात लावशील."

मी हात धुतले. तिची पाळी आली, तेव्हा पुन्हा एकदा धुतले आणि तिचं पावशेर दूध मापून दिलं.