बरणीतला मी आणि ताईचा आकडा

मी फोन बोलतोय. हो, तोच, साखरेच्या बरणीतला. जरा कान जवळ आणा, झाकण घट्ट लावलंय.

जन्म माझा एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला काच बसवली, पाठ बसवली, आणि खोक्यात झोपवलं. पहिला मालक म्हणजे केसांना तेल लावून दिवसातून चाळीस वेळा स्वतःचा फोटो काढणारा एक छबिल्या. काय दिवस होते ते. लग्नं बघितली, डोंगर बघितले, एकदा तर त्याच्या बॉसचा झोपेत घोरतानाचा व्हिडिओ काढला आणि मीच तो चुकून सगळ्या ऑफिसला पाठवला. चुकून म्हणजे, बोट त्याचं घसरलं, पण मी पण काही अडवलं नाही.

मग त्याने नवा फोन घेतला आणि मला विकून टाकलं. दुरुस्तीच्या दुकानात तीन महिने पडून होतो. कोपऱ्यात तडा गेलेला, म्हणून भाव पडलेला. तिथून मला एका इस्त्रीवाल्याने उचललं.

दोन खोल्यांचं घर. माणसं चार. इस्त्रीवाला, त्याची बायको, बायकोचा भाऊ म्हणजे मेहुणा, तो बस चालवायचा. आणि इस्त्रीवाल्याची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणायचे, म्हणून मी पण ताईच म्हणतो.

या चौघांना दुकानाचा गाळा घ्यायचा होता. इस्त्रीवाला फुटपाथवर टेबल लावून उभा राहायचा, बायको घरी कपडे उसवून बारीक-मोठे करून द्यायची. दोघांचं काम एका गाळ्यात बसवायचं, असा बेत. त्यासाठी अनामत चाळीस हजार. आधी तीनदा पैसे साठवले आणि तिन्हीदा डबा रिकामा. एकदा मेहुण्याच्या दाढेने खाल्ला, एकदा इस्त्रीवाल्याच्या नव्या बुटांनी, तिसऱ्यांदा कुणी खाल्ला ते कुणीच कबूल केलं नाही.

मग मेहुण्याने डोकं लावलं. माझ्यात बचतीचं ॲप घातलं. त्याचं म्हणणं असं की पैसे आत टाकायला कुणाची परवानगी नको, काढायला मात्र चार आकड्यांचं कुलूप. आणि चार माणसांनी एकेक आकडा आपल्यापुरता ठेवायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही. "किल्ली एकाच्या हातात दिली की तो चोर होतो," तो म्हणाला. "तिचे चार तुकडे करू."

एकेक जण पाठ फिरवून आला, आकडा दाबून गेला. पहिला इस्त्रीवाला, दुसरी बायको, तिसरी ताई, चौथा मेहुणा. झालं. त्यानंतर मला साखरेच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत टाकलं, झाकणाला भोक पाडून चार्जरची वायर आत सोडली, आणि फळीवर ठेवून दिलं. कुणी मला खेळायला काढू नये म्हणून हो. ताईने तर माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांवर चिकटपट्टी लावली. म्हणे, हा मेला सारखा बघत असतो.

म्हणजे बघा. ॲपमध्ये पैसे भरत जाणाऱ्या बरणीचं चित्र होतं. माझ्या आत बरणी आणि मी बरणीच्या आत. साखरेचे दोन-चार दाणे उरले होते, त्यांच्यासाठी मुंग्या यायच्या. माझी सगळी संगत तेवढीच.

कंटाळा आला की थोडी गंमत करायचो. इस्त्रीच्या टेबलावर ठिपक्यांचा चौकोनी कागद चिकटवला होता, गिऱ्हाईक त्यावर आपला फोन धरून पैसे टाकायचं आणि मी बरणीत थरथरायचो. पहिल्यांदा थरथरलो तेव्हा ताईला वाटलं उंदीर शिरला. तिने बरणीला असा केरसुणीचा फटका हाणला की मी साखरेसकट उताणा. तेव्हापासून ती फळीपाशी आली की मी मुद्दाम जरा जास्त घरघरायचो.

दर रविवारी मला बाहेर काढायचे. तो माझा सुटीचा दिवस. कुणी किती टाकले, कुठे किती उडवले, सगळं मी दाखवायचो. मेहुण्याच्या बाहेरच्या खाण्याचा आकडा लाल व्हायचा आणि त्याची बहीण म्हणायची की आता बसऐवजी तुझंच पोट स्टॉपवर उभं करायला पाहिजे. हसायचे सगळे. महिन्याभरात तो घरून जेवणाचा डबा घेऊन जायला लागला. आपण पण कामाचे आहोत, असं मला वाटायला लागलं.

तिथेच माझं चुकलं.

दोन वर्षं होत आली, गल्ला अडतीस हजारांवर गेला, तेव्हा मी एक नवीन चित्र काढून दाखवलं. चौघांच्या नावाच्या चार उभ्या रेघा. मेहुण्याची सगळ्यात उंच. ताईची सगळ्यात बुटकी, इतरांच्या गुडघ्याला लागेल एवढी. ताई सकाळी घराघरातून कपड्यांचे गठ्ठे आणायची, चौघांचा स्वयंपाक करायची, संध्याकाळी घड्या पोचवायची, आणि मधल्या वेळात एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी मोजायची. त्यातले जे दहा-वीस उरायचे ते टाकायची. गठ्ठ्यांची रेघ मला काढताच येत नव्हती. मला फक्त पैसे दिसतात.

इस्त्रीवाला ते चित्र वाचून म्हणाला, "राहायला जागा आमची, आणि रेघ बघा हिची."

त्याला वाटलं विनोद केला. कुणी हसलं नाही. ताईने ताटं उचलली, घासून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन धुलाईघरातल्या एका बाईच्या खोलीवर राहायला गेली. तिसरा आकडा तिच्याबरोबर गेला. मला परत बरणीत टाकलं आणि झाकण जरा जास्तच जोरात फिरवलं.

दोन महिन्यांनी चाळीस पुरे झाले आणि नेमका गाळा रिकामा झाला. गाळ्याचा मालक म्हणाला, परवा पाचपर्यंत पैसे, नाहीतर चपलावाला तयारच आहे.

बायको म्हणाली, ताईंकडे जा. इस्त्रीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिच्या पाया पडायला जायची गरज नाही, आकडे काय, एक ते नऊ, करू एकेक. पण माझ्या कुलपाचा नियम असा की दिवसाला तीन चुका, मग दुसऱ्या दिवसापर्यंत मी मुका. तिघांनी आपापले आकडे एकमेकांना सांगितले, आणि पहिल्या दिवशी ताईच्या जागेवरचे तीन चुकले. ताईची जन्मतारीख टाकून बघू म्हणाले, तर ती कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, सात चुकला, आठ चुकला.

मेहुणा खूश. "भावजी, आता उरला फक्त नऊ. आपलाच गाळा."

त्याचं बोट माझ्या काचेपर्यंत आलं होतं. मी तर घामाघूम. आतून ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठंय. तेवढ्यात बायकोने त्याचं मनगट धरलं.

"आणि हा पण चुकला तर?"

इस्त्रीवाल्याने बरणी काखेत मारली आणि निघाला.

धुलाईघरात वाफच वाफ. ताई मोठ्या टेबलावर चादरीच्या घड्या घालत होती. तिने वर बघितलं नाही.

"ताई, आकडा सांग."

"माझा आकडा तू वाचून दाखवलास की सगळ्यांसमोर. सगळ्यात बुटका."

तो पाय बदलत उभा राहिला. मग ती म्हणाली, "गठ्ठे लिही त्यात. दोन वर्षांचे. ताईचे गठ्ठे म्हणून लिही."

त्याने मला बरणीतून काढलं आणि ॲपमध्ये लिहिलं. मी माझ्या सवयीप्रमाणे विचारलं, रक्कम? त्याने काहीतरी दाबलं, खोडलं. परत दाबलं, परत खोडलं. साडेतीन वाजले होते.

"किती लिहू?"

"हिशोबी माणूस तू. मला काय विचारतोस?"

शेवटी त्याने चार शून्यांसकट चाळीस हजार लिहिले, ताईच्या नावावर. ताईची रेघ अशी उठली की माझ्या काचेच्या छताला जाऊन टेकली. ताईने ओले हात पदराला पुसले, त्याने पहिले दोन आकडे दाबले आणि तिने तिसरा.

शून्य.

"शून्य तर आम्ही धरलाच नाही," तो पुटपुटला.

"म्हणूनच घेतला. शून्याला कुणी मोजत नाही. चोरणार कोण?"

चौथा आकडा त्याने दाबला आणि कुलूप उघडलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना गाळा मिळाला.

आता मी गाळ्यात असतो. ताई घरी परत गेली नाही, पण दुपारनंतर गल्ल्यावर ती बसते, आणि चारही आकडे आता तिचे एकटीचे. स्वतःच्या खोलीसाठी साठवतेय. मी मात्र तसाच, बरणीत. बॅटरी फुगत चाललीय, पाठ उचकटलीय, एक दिवस टिकेन की एक वर्ष, मलाच माहीत नाही. डोळ्यांवरची चिकटपट्टी अजून आहे.

ताई, त्या रेघा काढल्या, माझं चुकलं. एकदाच ती पट्टी सोल आणि चौघं जण टेबलामागे उभे राहा. मी उंदरासारखा घरघरणार नाही. फोटोत सगळ्यांना एका उंचीचं बसवीन.