एकशे बारा घरांची अक्षत

जमनाबाईंच्या चिठ्ठीवर 'बाक' निघालं. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली.

"बदलून द्या."

"बदलता येत नाही," मी म्हटलं.

जयनगरच्या बागेत आमच्या संस्थेचा प्रयोग सुरू होत होता. साठी ओलांडलेली चोवीस माणसं. निम्म्यांनी रोज सकाळी पाऊण तास झपाझप चालायचं, निम्म्यांनी बाकावर बसून हातपाय ताणायचे. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांना चेहरे आणि नावं किती आठवतात, त्यांचं माणसांशी बोलणं किती वाढतं, हे मी मोजणार होते. बाकावरच्यांना तोवर जादा व्यायामाची बंदी.

जमनाबाईंचा धाकटा भाऊ सयाजी, त्याला 'चाल' निघाली.

"अक्का, नशीब लागतं," तो म्हणाला.

"कसलं नशीब! कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढणारा माणूस तू. याला चालायला लावतात आणि मला बसवतात!"

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "शाल्मली, तेराव्या आठवड्यात माझ्या नातीचं, रक्षिताचं लग्न आहे. आमच्यात घरातली मोठी बाई मांडवाच्या दारात उभी राहते. येईल त्याला नाव घेऊन 'या' म्हणते. गेल्या लग्नात मी सख्ख्या नणंदेला विचारलं, आपण कुणाकडच्या? अंबुजा तशीच मागे फिरली, जेवली पण नाही. या वेळी चुकले तर पुढच्या लग्नापासून सुनेला उभं करतील. मी आत बसायचं."

"प्रयोग संपला की तुम्हीही चाला."

"तोवर लग्न होऊन जाईल." त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी परत घेतली. "सरी, ठीक आहे. नियम तर नियम."

आणि त्यांनी नियम पाळला. रोज वेळेवर येऊन बाकावर बसायच्या. दर शनिवारी मी एक कागद भरून घेई. 'जादा व्यायाम केला का?' यापुढे त्यांचं ठसठशीत 'नाही' असे.

बाराव्या आठवड्यात शेवटची चाचणी झाली. सुरुवातीला वीस अनोळखी चेहऱ्यांपैकी जमनाबाईंना सहा नावं आठवली होती. आता चौदा. आठवड्यात कुणाकुणाशी बोललात, या प्रश्नाला पहिल्यांदा तीन नावं होती. आता त्यांनी पाठकोरा कागद मागून घेतला. मला वाटलं, चेहरे तेच दिले गेले असतील. तपासलं, नव्हते. तिसरा संच काढला. तेरा.

"तुम्ही चाललात का?" मी विचारलं.

"देवाशपथ, व्यायाम केला नाही."

सयाजी हसायला लागला. "व्यायाम नाही, अक्षत! एकशे बारा घरं फिरली ही."

"ते आमंत्रण," जमनाबाई चिडल्या. "हातात लग्नाची अक्षत असली की रिक्षात बसायचं नाही, सासूबाईंनी घालून दिलंय. लांबच्याला बस चालते. आनेकलला बसने गेले. उतरल्यावर मात्र दारापर्यंत पायी."

मी हिशेब केला. दहा आठवडे, गल्ल्या, जिने. चालणाऱ्या गटातल्या कुणाहीपेक्षा त्या जास्त चालल्या होत्या. चूक माझीच. पावलं मोजायचे पट्टे मी फक्त चालणाऱ्यांना बांधले होते आणि कागदावर व्यायाम विचारला होता, चालणं नाही. बरं, हे चालण्याने झालं की एकशे बारा दारांतल्या गप्पांनी, हेही आता वेगळं काढता येणार नव्हतं. शिवाय एका बाईवरून काहीच सिद्ध होत नाही.

"तुमचं नाव मला यादीतून काढावं लागेल," मी सांगितलं.

"काढा की. माझं राहिलं नाही तरी चालेल, बाकीच्यांची नावं माझ्या लक्षात राहू देत. लग्नाला या."

लग्नांतून मी सहसा आहेर देऊन निघते. त्या दिवशी दाराजवळच्या खांबाशी थांबले. जमनाबाई गुलाबदाणी घेऊन उभ्या होत्या. "या रघुपतीअण्णा. ये श्वेता, बाळ कुठे?" मी एकेचाळीस नावं मोजली. सगळी बरोबर होती का, हे मला कळायला मार्ग नव्हता, पण कुणी मागे फिरलं नाही.

मग हिरव्या साडीतली एक उंच बाई आली आणि हात बांधून समोर उभी राहिली. गुलाबदाणी थांबली. सयाजीने तोंड उघडलं. जमनाबाईंनी हातानेच त्याला गप्प केलं.



"अंबुजा," त्या म्हणाल्या. "ये. तुझ्या तिसऱ्या मजल्याने जीव घेतला माझा त्या दिवशी."

"रिक्षा बोलावते म्हटलं तर ऐकलं नाहीस!" अंबुजाबाई म्हणाल्या. त्यांचे हात सुटले होते. "गुलाबपाणी स्वल्प जास्त शिंपड. आणि जेवायला काय आहे?"

त्या पहिल्या पंगतीला बसल्या. माझंही निघायचं राहूनच गेलं. माझ्या शेजारच्या पानावर सयाजी होता. चालून चालून भूक वाढली, हेही लिहून ठेवा म्हणत तो तिसरी पुरणपोळी वाढून घेत होता.