काळ्या कापडाखालची फीत

पदकांच्या फिती ओळखायचा नाद मला वडिलांकडून आला. ते जर्मनीत हामेल्नला लष्करी गणवेश शिवत. छातीवर लावायच्या रंगीत फितींच्या पट्ट्याही तेच बांधत. कुठला टाका यंत्राचा, कुठला हाताचा, कुठला नवऱ्याचा आणि कुठला बायकोचा, हे मी दहाव्या वर्षी सांगत असे. पुढे आमच्या संग्राहकांच्या मंडळात अकरा पुरुष आणि मी एकटी बाई. हार्टमुट ब्रांडेस मला चिडवायचा, "लुडेकेबाई, तुम्ही पदकं जमवत नाही, नुसती शिलाई जमवता!"

खोटं नव्हतं ते.

एका नोव्हेंबरात रोझविथा क्वास्ट नावाच्या बाई मंडळात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ. त्यांनी चष्म्याच्या डबीतून बोटभर पट्टी काढून टेबलावर ठेवली. तीन फिती. पहिल्या दोन उघड्या, तिसरीवर काळं कापड शिवलेलं.

"माझ्या आजोबांची," त्या म्हणाल्या. "पहिल्या महायुद्धात व्हर्दूनला लढले. काळं कापड मेलेल्या सोबत्यांसाठी. वडिलांनी आम्हाला हेच सांगितलं. पैसे किती मिळतील, ते विचारायला नाही आले. हे बरोबर आहे का, तेवढं लिहून द्या. नातवाला द्यायचंय."

ब्रांडेसने पट्टी उचलली, पाहिली आणि गपचूप माझ्याकडे सरकवली. तेव्हाच मला कळलं की वाईट सांगायचं काम माझ्यावर आलंय.

पहिली फीत लोखंडी क्रॉस या पदकाची होती. पण लढणाऱ्यांची काळी असते, कडा पांढऱ्या. ही पांढरी होती, कडा काळ्या. दुसरी चौतीस साली सगळ्या जुन्या सैनिकांना वाटलेल्या क्रॉसची. आघाडीवर असलेल्यांच्या फितीवर बारक्या तलवारी असतात. इथे तलवारी नव्हत्या, आणि कधी असल्याची खूणही नव्हती.

"क्वास्टबाई," मी म्हटलं, "आजोबा युद्धात होते. पण लढाईत नव्हते. मागे कुठेतरी, रेल्वेवर, दवाखान्यात, कोठारात."

त्या म्हणाल्या, "माझे वडील या व्हर्दूनपायी सतराव्या वर्षी घर सोडून सैन्यात गेले. बापासारखं व्हायचं म्हणून."

मला तोंड वर करवेना. मी भिंग घेऊन काळ्या कापडाकडे पाहत राहिले. बाकीची पट्टी शिंप्याने बांधलेली, पण कापडाचे टाके मोठे, वाकडे, दोरा दुहेरी आणि मेण लावलेला. पाल शिवतात तसला.

"आजोबा काय करायचे?"

"वेझर नदीवर नाव चालवायचे. नावाडी."

"हे कापड त्यांनी स्वतः शिवलंय. आणि खाली काहीतरी आहे."

"उसवा मग."

ब्रांडेस खुर्चीतून अर्धा उठला. "अहो, जुनी शिलाई आहे! एकदा उसवली की गेली!"

"आजोबा माझे होते, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."

मी घरी कात्री हातात धरायला कधी घाबरले नाही, त्या दिवशी घाबरले. चार टाके कापले. कापड वर केल्यावर खाली नारिंगी फीत निघाली, दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा. ऊन न लागल्यामुळे कालच मागावरून उतरवल्यासारखी.

"हे लढाईचं नाही," मी म्हटलं. "स्वतःचा जीव धोक्यात घालून कुणाचा जीव वाचवला, तर प्रशियाचा राजा हे द्यायचा."

"मग झाकलं कशाला?"

ते फीत सांगत नाही. पुढचे तीन आठवडे मी अभिलेखागारात जुनी वर्तमानपत्रं चाळली. फेब्रुवारी १९०९च्या एका अंकात सहा ओळी सापडल्या. त्यांची नक्कल घेऊन मी क्वास्टबाईंच्या घरी गेले. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, आणि म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

मी वाचलं. नदीवरचा बर्फ फुटून तीन मुलं पाण्यात पडली. नावाडी क्वास्टने ओलेनडोर्फ घराण्यातल्या दोघा भावांना बाहेर काढलं. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा प्रवाहाने तिसऱ्याला नेलं होतं. तो त्याचाच मुलगा, ऑगस्ट, वय नऊ.

"ऑगस्टकाका घटसर्पाने गेला," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "घटसर्पाने गेला असं सांगायचे."

त्यांनी कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली.

"स्वतःच्या पोराला आधी नाही काढलं?"

"काळ्या पाण्यात काय दिसणार? हाताला जो लागला तो काढला असेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खोटा धीर दिला असता, तर मला वाटतं त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

ओलेनडोर्फ हे आडनाव टेलिफोनच्या पुस्तिकेत पाहायची कल्पना त्यांचीच. नदीच्या पलीकडच्या गावात एकच निघालं. वसंतात ते गृहस्थ आले, वाचलेल्या धाकट्या भावाचे चिरंजीव, जवळजवळ ऐंशीचे, हातात आलुबुखाराचा केक. क्वास्टबाईंनी मलाही बोलावलं होतं, एकटीला धीर होईना म्हणून. त्यांच्याही घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं. "बाबा नदीकाठी कधी यायचे नाहीत, एवढंच," ते म्हणाले. आधी हवेविषयी बोलणं झालं, मग गुडघेदुखीविषयी.

"तुम्हाला मुलं किती?" क्वास्टबाईंनी विचारलं.

"चार. नातवंडं नऊ. माझ्या भावाकडची वेगळी."

क्वास्टबाईंनी ताटली खाली ठेवली. रडल्या नाहीत. पट्टी काढून त्यांच्यापुढे सरकवली, नारिंगी फीत उघडी. म्हाताऱ्याने आधी रुमालाला बोटं पुसली, मग ती उचलली. नारिंगी फितीवरून ते हळूच अंगठा फिरवू लागले. आम्ही कुणी घाई केली नाही.