शंभरदा धुतलेलं तूप

“आता मुंबईला कशाला जायाचं, बाई? आग तर ऱ्हायली न्हाई,” रतन म्हणाली आणि पदर सावरून बसली.

सरुबाईचा हात तांब्याच्या ताटातच थांबला. ताटात तूप, वर पाणी. तळहाताने फेसायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा नवे घ्यायचे. असे शंभरदा धुतलेले तूप लोण्यासारखे पांढरे होते आणि पोळलेल्या अंगाला थंडावा देते, एवढी विद्या तिला आईकडून मिळालेली. रतन, तिची धाकटी जाऊ, छातीतल्या कॅन्सरला मुंबईत विजेचा, म्हणजे क्ष-किरणांचा, शेक घेऊन आली तेव्हा कातडी सोलून निघाली होती, चोळी अंगाला सोसवत नव्हती. सरुबाईच्या तुपाने महिनाभरात नवी कातडी धरली.

तेव्हापासून कुसगावात सरुबाईचा भाव वधारला. ज्या घरात या विधवेला भाजीतले मीठसुद्धा कोणी विचारत नव्हते, तिथे रतनचा नवरा, दीर कोंडाजी, आल्यागेल्याला सांगू लागला, “डाक्टरनं भाजली, वयनीनं वाचवली.” सरुबाई मान खाली घालून ऐकायची, पण शेवटपर्यंत ऐकायची.

कोंडाजीचीही त्यात सोय होती. लढाईचे दिवस, देहूरोडच्या लष्करी डेपोत नवी नोकरी. बायकोला पुन्हा मुंबईला न्यायचे तर साहेबापुढे रजेला उभे राहावे लागणार. त्यापेक्षा वहिनीची स्तुती स्वस्त.

“भावजी, डाक्टरनं पुन्यांदा बोलावलंय. मी आग इझवली, गाठ न्हाई.”

“गुन तुमचा, आन् नाटबी तुमीच लावता व्हय?” कोंडाजी हसला.

“तुमच्या हातावर माजा भरवसा हाय, बाई,” रतन म्हणाली.

असे आजवर तिला कोणी म्हटले नव्हते. सरुबाई पुन्हा तूप फेसू लागली.

भाताच्या लावणीच्या दिवसांत, तूप चोळताना, तिच्या बोटांना रतनच्या काखेत सुपारीएवढे काहीतरी लागले. मग मात्र ती बोलली, भांडली, जेवण सोडून बसली. कोंडाजी “बघतो” म्हणाला. बघता बघता भात पिवळे झाले. अखेर नेली, तर मुंबईचा डॉक्टर म्हणाला, आता घरीच ठेवा.

दिवाळी सरली आणि रतन गेली. अंघोळ घालायला शेजारणी जमल्या. पाणी ओतता ओतता अंबूबाई वाकली.

“वरखडासुदिक न्हाई बग. काय हात हाय सरूचा.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सरुबाईने हातातला तांब्या खाली ठेवला आणि त्या गुळगुळीत कातडीवर नवे लुगडे गळ्यापर्यंत ओढून घेतले.